सूप बाजूला ठेव, माय

हरियाणा, एप्रिल

ती. मायला विशाखाचा जयभीम.

मी बरी हाय. येळेवर जेवते, उन्हात डोक्याला रुमाल बांधते. बाबाचा गुडघा कसा हाय?

मी संशोधनासाठी आपल्या शेतातला गहू मागितला, अन् तू तो लेकीच्या घरी धाडायचा असल्यागत पाखडून, निवडून पाठवलास! त्यातून एक बारीक, तांबूस दाणा तुझ्या नजरेतून सुटला. यंदाच्या उन्हात शेजारचे सगळे गहू पोचट झाले. त्या दाण्याचं झाड तेवढं हिरवं राहिलं.

माझ्या संशोधनाचे सायब म्हणाले, "उपटून टाक. याला उतारा न्हाई, पीक कमी येतं."

मी म्हणाले, "सर, ऊन सोसायचा गुण याच्या रक्तातच हाय. तुमच्या भरघोस जातीशी याचा संकर करते, मग उतारा बघा."

ते लई चिडले. माझी फेलोशिप बंद होईल म्हणतात. होऊ दे. झाड मी उपटलं न्हाई. एवढं बाबाला सांगू नको.

काका विचारतो ना, "पोरगी गव्हाची लग्नं लावून राहिली, सोताचं कवा?" त्याला सांग, आधी गव्हाचंच.

आता हदगावच्या पोस्टातून आणखी गहू पाठव, पण सूप हातात घेऊ नको. कोंबड्यांपुढं टाकतेस ते बारके, वाकडे दाणेच मला पाहिजेत. निवडून बाजूला टाकणारे आपल्याला पिढ्यान् पिढ्या भेटले, माय. या बारीला तू एक दाणाबी टाकू नको.

तुझीच,
विशाखा