बसायचा प्रोग्राम

२१ जून १९९९, सोमवार
शाळा उघडून आठवडा झाला. पी.टी.चा मास्तर भुजंग, म्हणजे मी, दीड वर्षापासून खाटेवर. ताप गेला, मी काही उठलो न्हाई. रिपोर्ट सगळे नॉर्मल. औरंगाबादच्या डॉक्टरनं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. अर्थ एवढाच, थकवा. मला थकवा! पाचशे पोरांना मैदानाला चकरा मारायला लावल्या मी. ठराव: १५ ऑगस्टची परेड मीच घेणार.

२३ जून
औरंगाबादहून एसटीनं बेबीनंदा मॅडम आल्या. ऑक्युपेशनल थेरपिस्ट. दात घासणं, अंघोळ, जेवण, ही रोजची कामं आहे तेवढ्या दमात कशी भागवायची ते शिकवतात. वाटलं, व्यायाम देतील. दिला विश्रांतीचा चार्ट. दिवसातून दोनदा, उशीला टेकून, पाच मिनिटं बसायचं. बरं वाटलं तरी पाच मिनिटं झाली की आडवं. थकायच्या आधी थांबायचं, सर. तीनदा बजावलं. मी म्हणालो, बिलकुल.

२४ जून
पाच मिनिटं बसलो. काहीच झालं न्हाई. मंग आणखी वीस बसलो. चार्ट साध्या माणसासाठी असावा.

२९ जून
चार दिवस लिहिलं न्हाई. कामात होतो. तुळजाअक्कानं चमच्यानं पेज भरवली, खिडकीला गोधडी लावली. उजेड टोचून राह्यला. हवामान खराब आहे. घरात आम्ही दोघंच, मी आणि ही थोरली बहीण.

४ जुलै, रविवार
काकासाहेब आले न्हाई. शाळेत इतिहास शिकवतात, मागच्या गल्लीत राहतात. दर रविवारी चहाला यायचे. मार्चमध्ये म्हणाले, रिपोर्ट चांगले, मंग पडून काय राह्यले भुजंगराव? मनावर घ्या. मी रागावलो न्हाई. फक्त भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून न्हाई आले. पेपर तपासत असतील. अक्का म्हणाली, जुलैत कसले पेपर? तिला शाळेतलं काही कळत न्हाई.

१४ जुलै
मॅडम आल्या. चार्टवर सगळीकडे बरोबरची खूण होती. मीच केल्ती. त्यांनी चार्ट पाहिलाच न्हाई, अक्काला विचारलं. अक्का फितूर. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, खरंच काय करावंसं वाटतं, सर? परेड, मी म्हणालो. त्यांनी पेन उघडलं, पण परेड लिहिलं न्हाई. मंग माझ्या तोंडून निघून गेलं, काकासाहेबांसोबत एक कप चहा.
त्यांनी लिहून घेतलं. चहा, टेकून, दहा मिनिटं. हे ध्येय! पी.टी.च्या मास्तरचं!
जाताना त्या काकासाहेबांकडे गेल्त्या म्हणे. आजार समजावून सांगितला.

२२ जुलै
पाच मिनिटं बसतो, अक्का पुरे म्हणाली की आडवा होतो. थकतो म्हणून न्हाई. मॅडमच्या समाधानासाठी. खिडकीची गोधडी अर्धी काढली.

३१ जुलै, शनिवार
उद्या काकासाहेब येणार! मॅडमचा निरोप: आज अंघोळ न्हाई, दाढी न्हाई, दम शिल्लक ठेवा. पण असा अवतार दाखवायचा? बसून दाढी केली. अक्का ओरडली. शेवटी वस्तरा हातातून निसटला, तो साबणामुळे.

४ ऑगस्ट
रविवारचं आज लिहितोय.
काकासाहेब चारला आले. मला पाहून उभेच राहिले. मंग खाटेजवळ बसले. म्हणाले, भुजंगराव, मार्चमध्ये मी चुकीचं बोलल्तो. मला म्हणायचं होतं, असू द्या हो, लई दिवसांनी आलात, शाळेचं सांगा. ओठ हलले न्हाई. अक्कानं चहा ठेवला. चार मिनिटं झाली असतील. मान उशीवर पडली, डोळे मिटले. त्यांनी एकदा हाक मारली, हळू. त्यांना वाटलं झोप लागली. माझ्या कपावर बशी झाकल्याचा आवाज आला. अक्का सांगते, चपला वाजू नयेत म्हणून हातात घेऊन गेले.
मी जागा होतो.