पेटी, खुर्ची आणि रविवारचे भांडण

मी, भाऊराव नथ्थूजी ढोमणे, वय एकाहत्तर, निवृत्त फिटर, राहणार गोरखपूर, जबलपूर, पूर्ण शुद्धीवर असून हे लिहिताना माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. देवाचेही नाही.

१. राहते घर मुलगी शकू हिला. जावयाने पुढची छपरी पाडून दुकान काढू नये. त्याला धंदा जमत नाही, हे मी लग्नातच ओळखले होते.

२. कानशी, पाने व शिकंजा ही हत्यारे माझ्या हाताखाली शिकलेल्या पनागरच्या डोमाजीला. माझे ड्रिल त्याने सहा वर्षांपूर्वी नेले, तेही त्याचेच समजावे.

३. माझी पेटी गणेश मंडळाला. चाळीस वर्षे तिथल्या आरतीला ती मी, एक नास्तिक, वाजवत आलो, कारण भक्तांपैकी एकालाही सूर कळत नाही. मंडळाचा श्रीरंग पिंपळापुरे माझा मित्र. देव आहे की नाही यावरून दर रविवारी छपरीत आमची जुंपायची. गेल्या वर्षी त्याने उत्सवपत्रिकेत मला 'परमभक्त भाऊराव' छापले, आणि मी अकरा महिने त्याच्याशी बोललो नाही. ही माझी चूक.

४. शकूचा मुलगा गुणवंत, वय एकोणीस. भांडून झाल्यावर चहा प्यायचा असतो, हे तो आमच्याकडे पाहून शिकत होता. ते बंद पडले आणि घरात मी केलेली देवाची टवाळीच उरली. पोराला ती पुरेना. देवळे पेटवायच्या गोष्टी करणाऱ्या टोळक्यात तो शिरला. यंदाच्या गणपतीत श्रीरंगने भर दुपारी त्याला मांडवामागे रॉकेलच्या डब्यासकट धरले. पोलिसांना बोलावले नाही. समोर बसवून विचारले, "काहून बेटा, तुले देव नको का मी नको?"

"आप नहीं, आजोबा. भगवान."

"मग त्याच्यासंग भांड ना, मी ऐकून राहिलो. मांडव काहून जाळतं? तिथं तर मी झोपतो!"

तीन तास दोघे भांडले. संध्याकाळी श्रीरंग त्याला घेऊन माझ्या दारात आला. मी रडलो.

म्हणून छपरीतली माझी खुर्ची गुणवंतला. अट एकच: दर रविवारी तीत बसून श्रीरंगशी भांडावे. पटल्याशिवाय मान डोलावू नये, चहा घेतल्याशिवाय उठू नये.

५. मला विधी नकोत. राख तिलवाऱ्याला नर्मदेत सोडावी. श्रीरंग काहीतरी पुटपुटेलच, पुटपुटू द्यावे. गुणवंतने तिथेच मोठ्याने हरकत घ्यावी. त्या म्हाताऱ्याला एकटे वाटता कामा नये.

६. श्रीरंगला काहीही नाही. साक्षीदाराला काही देऊ नये, असे वकील म्हणतात.

जबलपूर, ४ नोव्हेंबर १९८७
सही: भाऊराव ढोमणे

साक्षीदार:
१. ॥ श्री ॥ श्रीरंग पिंपळापुरे
२. विनता कस्तुरे, शेजारीण

ता. क. माझ्या मृत्युपत्रावर श्रीरंगने सहीआधी 'श्री' लिहिले. माझी सक्त हरकत. गुणवंत शेजारी उभा आहे. म्हणतो, "रहने दो, आजोबा. हे भांडण रविवारी मी करतो." मान्य.