दोन दात कमी

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या हुकमाप्रमाणे बाबांच्या चावीच्या गाण्याच्या पेटीची किंमत करायला घड्याळजी येऊन गेला. बाबांच्या मागे बाकी सगळ्याची वाटणी तू फोनवरून उरकलीस. उरली ही एकच. तिचे दोन तुकडे होत नाहीत म्हणून विकायची, हा तुझा न्याय थोर आहे.

कुणीतरी लाकडावर व्हार्निश फासून जुनेपणाची वाट लावली आहे, असं तो म्हणाला. कुणी, ते मी सांगितलं नाही. भावाची अब्रू परक्यापुढे काढणं मला जमत नाही. फक्त तुझं नाव, पत्ता आणि हुद्दा सांगितला.

पितळी नळकांड्यावरचे काटे शाबूत आहेत. ते ज्या पोलादी फणीला छेडतात, तिचे मात्र दोन दात मोडलेत. नवे बसवले तर किंमत दुप्पट होईल म्हणतो. काय करू ते कळव.

तुझी,
ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

शाळेतून निवृत्त होऊनही तुझी लाल शाई वाळली नाही, हे वाचून बरं वाटलं.

घड्याळजी तुला बनवतोय. कुठले दोन दात? ते गाणं कधी अडखळलेलं मी ऐकलं नाही. रोज आंघोळ करताना अख्खं म्हणतो. बायकोची तक्रार आवाजाबद्दल आहे, सूर गाळल्याबद्दल नाही. त्याच्यासमोर पुन्हा वाजवून बघ.

माझ्या ओळखीचं गिऱ्हाईक रविवारी तुझ्याकडे येईल. मला सवड नाही. त्याच्याशी गोड बोल, जमेल तेवढंच.

तुझा आज्ञाधारक (नाइलाजाने),
धाकटा

ता. २० मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद, मागच्यापेक्षा थोडे कमी.

घड्याळजीला बोलावून पेटी वाजवली. पहिला मोडका दात आला तिथे सूर अगदी स्वच्छ लागला. मी विजयाने त्याच्याकडे पाहिलं, तर तो पेटी सोडून माझ्या तोंडाकडे बघत होता. सूर मी लावला होता.

तेव्हा आठवलं. बाबा आपल्याला पेटीच्या दोन बाजूंना बसवायचे. पहिल्या मोडक्या दाताचा सूर माझा, दुसऱ्याचा तुझा. आपण त्याला खेळ समजलो. ते दुरुस्ती करत होते.

दुसरा दात आला तिथे काहीच वाजलं नाही. मी तुझा सूर भरला नाही. दुसऱ्याच्या वाट्याचं मी घेत नाही, हे तू वाटणीत पाहिलंच आहेस.

रविवारी तुझं गिऱ्हाईक आलं. त्याला गोड शब्दांत सांगितलं की पेटीबरोबर दोन म्हातारी माणसंही घ्यावी लागतील, आणि त्यातली एक मी. त्याने चहासुद्धा अर्धा टाकला. दात बसवू नकोस, असंही घड्याळजीला बजावलं आहे.

तेव्हा पेटीची आजची किंमत शून्य. त्यातलं तुझं अर्धं शून्य पोस्टाने पाठवता येत नाही. स्वतः येऊन घेऊन जा. लोभ आहे तेवढा आहे, वाढवायचा असेल तर तिकीट काढ.

व्हार्निशचा डबा घरीच ठेव. गळा घेऊन ये.

तुझी,
ताई