म्हशीनं नाकारलेलं पाणी

बाबा, गेल्या आठवड्यात कळमेश्वरहून आपल्या शेजारच्या काकूंच्या विहिरीचं पाणी माझ्याकडे तपासायला आलं. अभिकारक टाकला आणि नमुन्याला जांभळा रंग चढला. क्रोमियम. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. क्रोमियमच्या मुलाम्याच्या त्या कारखान्यात सांडपाण्याच्या तपासणीचं काम तुमच्याकडेच होतं, म्हणजे हा रंग तुम्ही माझ्याआधी पाहिलेला आहे.

आठवणीत मी दहा वर्षांची आहे. काकू लोट्यात पिवळसर पाणी घेऊन आपल्या ओट्याशी उभ्या आहेत. "भाऊ, पाहा ना. म्हैस तोंडच लावून नाही राहिली." तुम्ही त्यांच्यादेखत दोन घोट पिता, मिशा पुसता. "मी प्यालो न? म्हैस लाडावली वं काकू. पोरगा कारखान्यात लागला तवापासून तिले सायबाचं पाणी पायजे." त्यांच्या मुलाला तिथे तुम्हीच लावलं होतं. काकू हसत गेल्या. तुम्ही न्हाणीत जाऊन घशात बोटं घातलीत, सगळं ओकून काढलंत. मी टॉवेल धरून उभी होते. "त्या विहिरीचं पाणी आपल्या घरात नाही आलं पायजे. अन् बाहेर बोललीस तर पाय तोडीन." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही सायकलवर कॅन लावून कारखान्याच्या नळाचं पाणी आणू लागलात, आपल्यापुरतं. त्याच उन्हाळ्यात म्हैस मेली. काकू मात्र पीत राहिल्या, कारण तुम्ही प्यायला होतात.

गाव तेव्हा खूश होतं. घराघरात पगार येत होता, पत्र्यांच्या जागी स्लॅब पडत होते. त्याच पगारावर तुम्ही मला रसायनशास्त्र शिकवलंत. तुम्ही आम्हाला जपलंत, हे खोटं नाही. दुसऱ्यांना काय पाजलंत, हेही खोटं नाही. तुमची आठवण येते तेव्हा मला ओकारीचा आवाज आधी ऐकू येतो.

अहवाल मी बरोबर लिहिला: पिण्यास अयोग्य. काल काकू तो न्यायला माझ्या ऑफिसात आल्या. कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, "पोरी, तुह्या बाबाच्या वेळीही असंच होतं का वं?"

"तेव्हाची तपासणी माझ्याकडे नाही, काकू. सांगता येणार नाही."

"हाव ना. भाऊ तर माह्यासमोर प्याले होते."

मी मान डोलावली.

हे पत्र तुम्हाला पाठवायची सोय नाही. काकूंना पाठवता येईल, त्यांचा पत्ता अहवालावर आहे. पण त्या अजून मला पोरी म्हणतात, आणि मला ते हवं आहे.