शिंपीणबाईंची पावलं

४ मार्च

चष्मा डोक्यावरच आहे गं, घरभर शोधू नकोस. लावलास? आता वाच. आजीला काय काय झालं हे तू महिन्याभरात विसरशील, म्हणून रोजनिशी सांगून ठेवते. मला अक्षर येत नाही, पण तुझा हा फोन मी बोलेन ते लिहून घेतो. माझ्यापेक्षा शिकलेला निघाला मेला!

इस्पितळातली खोली झकास आहे. खिडकीखाली सायकली लावतात, पलंग बटणावर वरखाली होतो. जिन्यावरून पडल्यापासून कमरेखाली मी नुसतं गाठोडं. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली मज्जारज्जू दुखावली आहे, तिथे दुसऱ्या कुणाच्या हाडातून काढलेल्या मूळपेशी सोडू. म्हटलं, म्हणजे बियाणं परक्याचं आणि वाफा माझा. हसले. बियाणं कुणाचं, ते मात्र सांगितलं नाही.

इथलं जेवण अगदी पाणचट. डबा पाठव, पण तिखट नको. माझं पोट तुला ठाऊक आहे.

१९ मार्च

पेशी सोडल्या आणि पायाचा अंगठा हलला! सिस्टर रडली, मीही रडले. डॉक्टरांनी फोटो काढला, तो अंगठ्याचा, माझा नाही.

२ एप्रिल

आता दोन्ही पाय हलतात, पण मी सांगेन तेव्हा नाही. पांघरुणाखाली त्यांचं आपलं टाच-चवडा, टाच-चवडा चालू. डॉक्टरांनी बाहेरून आलेल्या पाहुण्या डॉक्टरांना कौतुकाने दाखवलं. तेवढ्यात सिस्टर बोलून गेली, तळघरात पेशंटचे झगे शिवणाऱ्या शिंपीणबाई पायमशीन अश्शीच चालवायच्या. डॉक्टर पांढरेफटक पडले.

५ एप्रिल

सिस्टरला बोलतं केलं. बियाणं शिंपीणबाईंचंच. डॉक्टर दर खेपेला 'शेवटचं एकदाच' म्हणायचे आणि कमरेच्या हाडात सुई घालायचे. अंगात ताप होता तरी घातली. बाई मशीनवरच गेल्या. कच्ची मिरची चावत शिवायच्या म्हणे.

ऐकून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. माझ्या!

८ एप्रिल

पाय डॉक्टरांचे बूट ओळखतात. बाहेर वाजले की यांची शिवण सुरू.

डॉक्टर म्हणाले, पेशी बिघडल्यात, उद्या इंजेक्शनने मारून टाकू. आणि माझे पाय? जातील, म्हणाले. चपला हरवाव्यात तसं. म्हणजे मी पुन्हा गाठोडं, आणि शिंपीणबाईंना पुन्हा मरण —

नको म्हटलं. म्हणाले, आजी, शेवटचं एकदाच.

९ एप्रिल

भर दुपारी आले. एकटेच. सुई घेऊन. आतून कडी लावली. तळवा बघायला वाकले —

पावलांनी मान धरली. टाच, चवडा. टाच, चवडा.

मी 'पुरे' म्हटलं का, विचारशील. नाही म्हटलं. मी म्हटलं, डॉक्टर, शेवटचं एकदाच.

फरशीवर आपटणारे त्यांचे बूट थांबले. पाय नाही थांबले. खाली उतरले — चालतेय गं मी! — कडी मी काढली, की — बाहेर तळघराचा जिना. मी कधी पाहिला नव्हता. पाय बरोब्बर —

खाली मशीन आहे. कुणीतरी दोरा ओवून ठेवलाय —

विसरशील, म्हणून आधी हे. डबा दोघींचा पाठव. तिखट भरपूर. कच्च्या मिरच्या वेगळ्या बांध, आम्हाला त्याशिवाय घास —