नळाला मुंग्या

४ जानेवारी
देवासची थंडी यंदा फारच कोरडी. शाल काढताना चटचट ठिणग्या. प्लास्टिकच्या खुर्चीतून उठून कडीला हात लावला तर टिचकी बसली. सूनबाई नीता शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरातही शिकवतेच. म्हणाली, स्टॅटिक आहे, लोकर घासली की होतं, घाबरू नका.

६ जाने.
देवाचं पाणी भरताना न्हाणीतल्या नळालाही तसंच. तसंच नव्हे. हात काढेपर्यंत चालूच. नीताला म्हटलं, "नळापाशी मुंग्या येतात गं." बघते म्हणाली.

७ जाने.
नळाभोवती पांढऱ्या रेघा. मुंग्यांचा खडू! धामनोदच्या हिंदी शाळेत शिकलेली पोर, मुंगी म्हणजे चींटी एवढंच ठाऊक. मी पोटभर हसले, मग समजावलं. तिचं तोंड एवढंसं झालं. माझ्या श्रीपादने, तिच्या नवऱ्याने, नळ धरून पाहिला, तिनेही. कुणाला काही नाही.

१० जाने.
श्रीपाद रजा काढून डॉक्टरकडे घेऊन गेला, नीताही आली. साखर ठीक. वयामुळे नसा कमजोर, म्हणून गोळ्या. परतताना रिक्षात नवरा-बायको हिंदीत कुजबुजत होते. चाळीस वर्षं देवासला काढली, मला काय हिंदी कळत नाही? "अकेली मत छोड़ना" एवढं ऐकलं.
शालीची ठिणगी सगळ्यांना दिसते, नळाचं फक्त मलाच जाणवतं. मला वेड लागतंय का? भीती वाटते.

१३ जाने.
गोळ्या चालू, मुंग्याही चालू. सकाळी लाइट नव्हती तेव्हा नळ गप्प होता. की तेव्हा मीच... काही सुचत नाही.

१५ जाने.
नीता दारात उभी राहून बघत होती. मी नेहमीप्रमाणे अनवाणी, सोवळ्यात चप्पल कशी घालणार? तिने माझ्या पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या रबरी चपलांकडे. चपला काढून ओल्या फरशीवर आली नि नळाला बोट लावलं. झटक्यासरशी खालीच बसली.
मग म्हणाली, "आई, मी तुम्हाला डॉक्टरकडे नेलं." रडली. मला राग आला होताच, पण आधी तिचा हात चोळत बसले. श्रीपाद तिला फार बोलला. घरात टेस्टर असताना बोट कसलं लावतेस, म्हणे.

१६ जाने.
वायरमन आला. गीझरची अर्थिंगची तार तुटलेली, आतून करंट लोखंडी नळात उतरत होता. श्रीपादला म्हणाला, "भिया, तुम सबको चप्पल ने बचा रखा था. माताजी नंगे पाँव थीं, तभी पता चला." गीझर बदलला. करंटची गळती झाली की आपोआप पडणारं बटणही बसवलं.
नीताने पुन्हा समजावलं. शालीत व्होल्ट जास्त पण क्षणात संपतात, नळातला करंट संपत नाही. म्हणजे जास्तवाला निरुपद्रवी आणि कमीवाला जीव घेतो? मान हलवली.

१९ जाने.
नळ शांत. नीता रोज विचारते, आई, काही जाणवतं का? नाही म्हणते. गोळ्या परवाच सर्वानुमते बंद झाल्या.
आज दुपारी गच्चीवर तूर निवडत होते. अंगावर शाल नाही, जवळपास तार नाही. डाव्या हाताला मुंग्या आल्या. पाचेक मिनिटं तरी होत्या. सांगायला हवं. पण आता सांगितलं तर पुन्हा वायरमनलाच बोलावतील.