क्लच जरा जड आहे

सोमवार, ३ तारीख. सकाळ.
आजपासून रोजनिशी. मी बोलते, फोन लिहितो. मला वाचता येत नाही, त्यामुळे ही इतकी गुप्त राहील की माझाही डोळा तिच्यावर पडायचा नाही.
गवत कमरेला आलंय. गुरुवारी कापणी. चाळीस वर्षं मी कापतेय, यंदाही मीच. मुलगा म्हणाला, आई, गुडघा. म्हटलं, गवत काय गुडघ्याने कापतात? तर म्हणे, तू एकटीने ट्रॅक्टर सुरू करून अंगणात एक फेरी मारून दाखव, मग तूच काप. नाहीतर तुझी सून कापेल.
एवढंच ना! हसू आलं.

सोमवार. दुपार.
ट्रॅक्टरच्या मागचं मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, लावायला हात घातला. मुलाचा. मी स्टुलावर.
इंजिन बंद, मोअर फिरवणारा पीटीओ बंद, ब्रेक ओढलेला, किल्ली माझ्या कमरेला. तरी हा शहाणा थेट मोअरखाली हात घालायला निघाला! म्हणे, हायड्रॉलिकच्या तेलाने वर धरलंय की. म्हटलं, तेल काय तुझा मामा लागतो, भरवसा ठेवायला? आधी लाकडी ठोकळे, त्यावर मशीन टेकव, मग हात. पुटपुटला, पण ठेवले.
ब्लेडचा एक बोल्ट ढिला निघाला. कोण म्हणालं होतं ढिला असेल? मी. कुणी ऐकलं नाही, कारण मनात म्हणाले होते.

मंगळवार, ४.
आज उंची आणि लेव्हल. पुढची कड मागच्यापेक्षा बोटभर खाली हवी. मुलगा पुस्तक उघडून बसला. मी त्यातलं चित्र बघून दोन मिनिटांत सांगितलं. ज्याला अक्षरं येतात तो चित्र बघतच नाही, हे त्याच्या बापाचंही होतं.
फिरत्या दांड्यावरचं कव्हर तडकलेलं. नवं आणायला पाठवलं. दांड्यात पदर अडकला की मागोमाग बाई जाते.
मोअर तयार. मीही तयार. फेरी उद्या मारीन. आज पाऊल जरा सुजलंय, चपलेमुळे.

बुधवार, ५. सकाळ.
सगळे आत असताना सीटवर चढले. किती वेळ लागला ते लिहायचं कारण नाही.
सुरू होईना. या नव्या ट्रॅक्टरला क्लच तळापर्यंत दाबल्याशिवाय स्टार्टच नाही. पाऊण गेला. उरलेला पाव क्लचने स्वतः जायला नको? क्लचखालचा स्विच बिघडलाय. मेकॅनिकला बोलावलं.

बुधवार. दुपार.
मेकॅनिक चढला, दाबला, पहिल्या झटक्यात सुरू. त्याचे बूट जड आहेत.
त्याला बाजूला घेऊन म्हटलं, बाबा, तो स्विच काढून दोन तारा परस्पर जोडून दे. तो म्हणाला, आजी, गिअरमध्ये असताना सुरू झाला तर झेप घेईल, आणि समोर कोण उभं असेल सांगता येत नाही. तुम्ही ठोकळ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही, आणि मला हे सांगता?
उद्धट आहे. पुढच्या वेळी दुसरा बोलवीन.
संकल्प: उद्या पहाटेच फेरी. पहाटे सांधे मोकळे असतात. असावेत.

गुरुवार, ६. सकाळी ६:०५.
चढले. घर झोपलेलं.

६:२०.
दोन्ही पायांनी दाबून पाहिलं. क्लच आज कालच्यापेक्षा जड आहे. गारठ्याने लोखंड आखडतं.

६:३०.
आता गुडघाही आखडलाय. उतरायची घाई नाही. इथून शेडची भिंत छान दिसते.

६:४५.
हातात फोन आहे. कुणालाही बोलावता येईल. बोलावून सांगायचं काय? ट्रॅक्टर जाईना आणि मीही जाईना?

६:५५.
पायरीकडे पाय सोडला. पायरी कुणीतरी खाली सरकवलीय. पाय परत घेतला. घेताना ओरडले नाही, फक्त श्वास मोठा झाला.

७:१०.
निघताना दोन कप चहा प्यायले होते. त्याचा विचार करायचा नाही.

७:१२.
दुसरा विचारच सुचत नाही.

७:१५.
सुनेला फोन केला. म्हटलं, सहज केला.

गुरुवार. दुपार.
सून आली. कुठे, कशा, काही विचारलं नाही. म्हणाली, आई, तोंड ट्रॅक्टरकडे करा. स्टूल लावलं, माझं पाऊल दोन्ही हातांनी धरून एकेका पायरीवर ठेवलं. मागे मुलगा उभा. मला वाटलं हसेल. हसला नाही. तेच जास्त लागलं. हसला असता तर रागावता आलं असतं.
आधी मोरीत गेले. मग आले आणि कमरेची किल्ली सोडून सुनेच्या हातात दिली. कुणी मागितली नव्हती. आजच्या दिवसापुरती आहे, असं सांगायचं राहून गेलं.
तिने आधी शेतातून चालत जाऊन दगड आणि तारेचा तुकडा उचलला. चढली. क्लच दाबला. मी तिच्या पायाकडेच बघत होते. तळाला टेकला.
तिने वरून हाक दिली, आई, कुंपणापलीकडे व्हा, खडे उडतात.
झाले.

गुरुवार. संध्याकाळ.
गवत एकसारखं कापलं गेलंय. काढण्यासारखी चूक शोधली. नाही.
जेवताना सून म्हणाली, आई, उद्या खालचा तुकडा घ्यायचाय. सकाळी मोअर तेवढं बघून द्याल? तुम्ही सांगितल्याशिवाय मी हात घालणार नाही.
म्हटलं, बघते बाई, वेळ मिळाला तर.
मिळेल. आता वेळच आहे.